मुंबई ते दुबई : अंतर किती, उड्डाण किती आणि व्यापाऱ्याचा वेळ किती?

आपल्या व्यापारी बांधवांत दुबईचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते, "दुबई काय, तीन तासांवर आहे." हे वाक्य खोटे नाही. पण ते पुरते खरेही नाही. याच अर्ध्या सत्यावर भरवसा ठेवून प्रस्तुत लेखकाने एकदा पदरचे पैसे गमावले आणि एक जुनी, चांगली पार्टीही गमावली. ती हकीकत पुढे येईलच. त्याआधी अंतर म्हणजे काय, उड्डाणाचा वेळ म्हणजे काय आणि व्यापाऱ्याने यांपैकी कोणता आकडा धरून चालावे, हे क्रमाने पाहू. नव्याने निर्यातीत उतरणाऱ्या कारागिरांना व तरुण व्यापाऱ्यांना याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

नकाशा, फुटपट्टी आणि दोरा

उर्दू शाळेत असताना आम्ही भूगोलाच्या तासाला भिंतीवरच्या नकाशावर फुटपट्टी ठेवून शहरांची अंतरे मोजत असू. गुरुजी ती चालवूनही घेत. पण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. त्यामुळे फुटपट्टीचे अंतर लांबच्या प्रवासाला फसवते. खरे अंतर पाहायचे तर पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन शहरांवर दोऱ्याची दोन टोके ठेवून दोरा ताणावा. ताणलेला दोरा ज्या वाटेने बसेल ती सर्वांत जवळची वाट. आपण कापडाच्या धंद्यातले लोक, दोरा आपल्या घरातच आहे. मुलांना एकदा हे करून दाखवावे. मुंबई ते न्यूयॉर्क असा दोरा ताणला तर तो नकाशावरच्या सरळ रेषेला सोडून पार उत्तरेकडे सरकतो, हे पाहून मुले चकित होतात.

मुंबई आणि दुबई यांच्यात असा दोरा ताणला तर अंतर भरते सुमारे १,९३० किलोमीटर. ही दोन्ही विमानतळांमधली हवाई वाट होय. ती मुंबईहून वायव्येला अरबी समुद्रावरून जाते, ओमानच्या आखातापाशी पोचते आणि मग दुबईला उतरते. वाटेचा बहुतेक भाग पाण्यावरचा आहे. जहाजाला मात्र अशी आडवी उडी घेता येत नाही. त्याला मुसंदमच्या टोकाला वळसा घालून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत शिरावे लागते. म्हणून समुद्रमार्गाचे अंतर वाढून सुमारे २,२०० किलोमीटर होते.

मग तीन तास कशाचे?

आता साधा त्रैराशिकाचा हिशेब करू. मोठे जेट विमान वर पोचल्यावर ताशी सुमारे ८४० किलोमीटर वेगाने जाते असे धरा. १,९३० ला ८४० ने भागले तर उत्तर येते २ तास १८ मिनिटे. मग वेळापत्रकात मुंबईहून दुबईला सव्वातीन तासांच्या आसपास का लिहिलेले असते? मधला तास कोठे जातो?

याची कारणे चार आहेत. पहिले, विमान जागेवरून एकदम त्या वेगाला पोचत नाही. चढताना आणि उतरताना त्याचा वेग कमी असतो. दुसरे, आकाशातही ठरलेले रस्ते आहेत. विमान ताणलेल्या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही, नेमून दिलेल्या वाटेने जाते. तिसरे, वेळापत्रकातला वेळ हा विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळाच्या फाटकाशी थांबेपर्यंतचा असतो. जमिनीवर रांगेत सरपटण्याची मिनिटे त्यात आली. चौथे, गर्दी. मुंबईच्या सहार-सांताक्रूझ विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. त्यामुळे परतणाऱ्या विमानाला कधी कधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या हे सगळे जमेस धरून वेळापत्रकात थोडा जास्तीचा वेळ आधीच राखून ठेवतात. म्हणूनच विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचल्याचे आपण कधी कधी पाहतो.

वाऱ्याचा हिशेब

जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असे का, हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर आहे वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. दुबईला जाणारे विमान या वाऱ्याच्या तोंडावर चालते, तर परतणाऱ्या विमानाच्या पाठीशी तो असतो. समजा वाऱ्याचा जोर ताशी ६० किलोमीटर आहे. जाताना ८४० मधून ६० वजा होऊन वेग उरला ७८०, म्हणजे २ तास २८ मिनिटे. येताना ६० मिळून वेग झाला ९००, म्हणजे २ तास ९ मिनिटे. एकाच वाटेवर, एकाच विमानात जवळजवळ वीस मिनिटांचा फरक पडला. पावसाळ्यात हे पश्चिमेचे वारे उत्तरेकडे सरकतात आणि हा फरक कमी होतो.

वाट बदलली तरी वेळ बदलतो. २०१९ मध्ये काही महिने पाकिस्तानचे आकाश बंद होते. तेव्हा दिल्लीहून आखाताकडे व युरोपकडे जाणाऱ्या विमानांना खाली गुजरातकडून वळसा घ्यावा लागला. दिल्ली आणि दुबई जागच्या जागी होती. अंतर तेच, वेळ वाढला.

दीड तासाचा घोटाळा

तिकिटावर छापलेली वेळ नेहमी त्या त्या शहराची असते. भारताची घड्याळे दुबईच्या घड्याळांपेक्षा दीड तास पुढे आहेत. हे ध्यानात न घेतल्यास तिकीट वाचताना मोठी गंमत होते. मुंबईहून सकाळी १० ला निघालेले विमान सव्वातीन तास उडून आपल्या घड्याळाने दुपारी सव्वाला पोचते. पण तिकिटावर लिहिलेले असते पावणेबारा. वाचणारा म्हणतो, वा, पावणेदोन तासांत दुबई! परतताना विमान दुबईहून सकाळी १० ला निघाले आणि तीन तास उडाले तर तिकिटावर पोचण्याची वेळ दिसते दुपारी अडीच. तोच माणूस म्हणतो, येताना साडेचार तास का? दोन्ही आकडे चूक आहेत. जाताना तिकिटावरच्या फरकात दीड तास मिळवावा आणि येताना दीड तास वजा करावा, म्हणजे खरा वेळ निघतो.

धंद्यातही या दीड तासाची आठवण ठेवावी. आपण सकाळी १० ला दुकान उघडून फोन लावतो तेव्हा तेथे साडेआठ झालेले असतात. दुबईच्या जुन्या बाजारातली अनेक दुकाने दुपारी बंद राहून संध्याकाळी पुन्हा उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. तेथले रात्रीचे १० म्हणजे आपले साडेअकरा. खरी बोलणी पुष्कळदा त्याच वेळी होतात.

आणखी एक धोका मध्यरात्रीचा. आखाताची बरीच विमाने रात्री बारानंतर सुटतात. माझ्या भाच्याचे तिकीट १५ तारखेच्या रात्री साडेबाराचे होते. तो १५ तारखेला संध्याकाळी नमाज पढून, सर्वांचा निरोप घेऊन घरून निघाला. मी तिकीट पाहिले आणि कपाळाला हात लावला. "मामू, तिकिटावर तर पंधरा तारीखच आहे!" तो म्हणाला. तारीख पंधराच होती, पण रात्रीचे साडेबारा म्हणजे १४ तारीख संपताच. विमान आदल्या रात्रीच निघून गेले होते. तिकिटाचे पैसे बुडाले. म्हणून रात्री बारा ते सहामधले विमान असेल तर आदल्या संध्याकाळी विमानतळावर हजर राहायचे, हे तिकिटाच्या पाठीवर लिहून ठेवावे.

घर ते दुकान

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपण विमानतळावर राहत नाही आणि आपला ग्राहकही विमानतळावर बसत नाही. माझ्यासारखा मालेगावचा व्यापारी घ्या. मालेगाव ते मुंबई सुमारे २८० किलोमीटर. आग्रा रोडने कसारा घाट उतरून, भिवंडी-ठाण्याच्या गर्दीतून सहारला पोचायला सात तास धरावेत. विमान सुटण्याआधी तीन तास हजेरी. उड्डाण सव्वातीन तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यांसाठी सव्वा तास. तेथून देरा भाग जवळच आहे, अर्धा तास. बेरीज झाली पंधरा तास. त्यांत उड्डाण फक्त सव्वातीन तासांचे. म्हणजे मालेगावहून सहार हे सहारहून दुबईपेक्षा दुपटीने लांब आहे, असे म्हटले तरी चालेल.

सोलापूरच्या बांधवांनी तर हा हिशेब अवश्य करावा. हैदराबाद ते दुबई हवाई अंतर सुमारे २,५५० किलोमीटर आहे. मुंबईपेक्षा सहाशे किलोमीटरने जास्त, आणि विमानाला पाऊण तास अधिक लागतो. परंतु सोलापूरहून मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर, तर हैदराबाद ३०० च्या आसपास. शिवाय हैदराबादेत पोचताना ठाणे-वाशीची कोंडी नाही. त्यामुळे लांबचे उड्डाण घेऊनही एकूण प्रवास लांबेलच असे नाही. भाडे आणि वेळ दोन्ही पाहून निवड करावी.

स्वस्त तिकिटाचेही तेच. कधी मस्कत किंवा दोहा मार्गे जाणारे तिकीट थोडे स्वस्त मिळते. दोहा दुबईच्या पलीकडे आहे. म्हणजे आधी पुढे जायचे, तेथे चार-पाच तास बसायचे आणि मग मागे यायचे. अशा तिकिटाला उड्डाणाचा वेळ विचारू नये. घर सोडल्यापासून पोचेपर्यंत एकूण किती तास, हेच विचारावे.

मालाला पाय नसतात

माणूस रांगेत उभा राहतो, विनवणी करतो, धावत जाऊन विमान पकडतो. मालाला हे जमत नाही. मालाचा प्रवास कागदांवर चालतो. कारखान्यातून ट्रान्सपोर्टने मुंबई. तेथे कस्टम एजंटकडे बिल, पॅकिंग लिस्ट व शिपिंग बिल. मग तपासणी, सुरक्षेची तपासणी. मग विमानात जागा. प्रवासी विमानाच्या पोटात आधी प्रवाशांचे सामान भरतात आणि उरलेल्या जागेत माल. सणाच्या गर्दीत ती जागा मिळतेच असे नाही. दुबईत उतरल्यावर पुन्हा कागद, तेथली कस्टम, मग ग्राहकाचे गोदाम. या साखळीतली एक कडी अडली की पुढचे सर्व थांबते.

भाड्याबद्दल एक गोष्ट कारागिरांनी शिकून घ्यावी. विमान कंपनी नुसते वजन पाहत नाही, जागाही पाहते. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि ६,००० ने भागावा. ६० गुणिले ५० गुणिले ४० म्हणजे १,२०,०००. भागून आले २०. खोक्यात जाळीच्या ओढण्या भरून वजन १४ किलो असले तरी भाडे २० किलोचे द्यावे लागेल. कुरियरवाले बहुधा ५,००० ने भागतात, तेव्हा हाच आकडा २४ होतो. लुंग्यांसारखा घट्ट बसणारा माल असेल तर खरे वजनच लागू पडते. म्हणून हलका माल दाबून, नीट घडी घालून भरावा.

एका चाँदरातीची हकीकत

आता ती हकीकत. ही गोष्ट २०११ ची. दुबईतील आमच्या एका जुन्या ग्राहकाला ईदसाठी ओढण्या व लुंग्या तातडीने हव्या होत्या. गुरुवार, १८ ऑगस्टला त्यांचा फोन आला. "माल कधी मिळेल?" मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "शेठ, विमान तीन तासांचे आहे. सोमवारी माल तुमच्या दुकानात." नफाही चांगला होता. मी हवाई भाड्याचा हिशेब केला, वेळेचा केला नाही.

शुक्रवारी रात्री माल मालेगावहून निघाला. शनिवारी मुंबईत पोचल्यावर कळले की बिलावर खोकी ४२ आणि पॅकिंग लिस्टवर ४१. चूक आमच्याच पेढीतली. दुरुस्त कागद यायच्या आत दुपार झाली, रविवार लागला. सोमवारी कागद दाखल झाले, मंगळवारी तपासणी. बुधवारी विमानात जागा नाही, कारण ईदचा माल पाठवणारे आम्हीच एकटे नव्हतो. गुरुवारी रात्री, २५ तारखेला माल उडाला आणि खरोखरच तीन तासांत दुबईला उतरला. पण त्या काळी तेथे शुक्रवार-शनिवारची साप्ताहिक सुटी असे. ग्राहकाच्या एजंटची कचेरी दोन दिवस बंद. रविवारी काम सुरू झाले, तेही रमजानच्या कमी तासांत. सोमवारी, २९ तारखेला असरच्या सुमारास माल दुकानात पोचला. त्याच संध्याकाळी तेथे चाँद दिसला. मंगळवारी ईद.

त्यांनी माल परत केला नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण भाव कापून घेतला, आणि तो कापणे रास्तच होते. फोनवर एवढेच म्हणाले, "शेठ, विमान तीन तासांचे होते, तुमचा माल मात्र दहा दिवसांचा निघाला." पुढच्या ईदला त्यांची ऑर्डर आली नाही. नंतरही आली नाही. पैशाचे नुकसान मी दोन वर्षांत भरून काढले. गेलेला एतबार मात्र भरून काढता आला नाही.

आजची परिस्थिती

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्या आहेत. १ जानेवारी २०२२ पासून अमिरातीत सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुटी शनिवार-रविवार झाली असून शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. शारजात मात्र शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवस सुटी असते. आपला माल शारजाच्या विमानतळावर उतरणार असेल तर हे ध्यानी ठेवावे. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला. त्याखाली शुल्कमाफी मिळवण्यासाठी माल भारतात तयार झाल्याचा दाखला लागतो. तो माल निघण्याआधी काढावा; माल तेथे पोचल्यावर धावपळ करू नये. शिवाय निसर्गही मध्ये येतो. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत विक्रमी पाऊस पडला आणि जगातल्या अत्यंत गजबजलेल्या त्या विमानतळाचे कामकाज काही दिवस कोलमडले.

ज्यांना घाई नाही त्यांनी समुद्रमार्ग विसरू नये. न्हावा-शेवाहून जेबेल अली बंदर. वाट निर्वेध असेल आणि जहाज ताशी २८ किलोमीटर चालले तर पाण्यावरचा प्रवास सव्वातीन दिवसांचा. विमानाला सव्वातीन तास, जहाजाला सव्वातीन दिवस. पण दोन्हींच्या आधी आणि नंतर कागदांचे दिवस आहेतच, आणि जहाजाला बंदरातील थांबण्याचे दिवस वेगळे. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक 'द्वारका' आगबोटीने कराची, मस्कत अशी बंदरे घेत आखातात जात. ती बोट १९८२ मध्ये बंद झाली. त्या लोकांना दुबई किती दिवसांवर आहे हे नेमके ठाऊक असे, कारण ते सर्व दिवस त्यांनी स्वतः मोजलेले असत. आपण फक्त विमानाचे तास मोजतो.

वायदा करण्याआधी

शेवटी, या सर्वांचा व्यवहारातला उपयोग असा. ग्राहकाने वेळ विचारली की विमानाचा वेळ सांगू नका. ग्राहकाला माल हवा त्या तारखेपासून उलट मोजत या. त्यांच्या सुट्या वजा करा, आपला रविवार वजा करा, तपासणीचा दिवस धरा, विमानात जागा न मिळण्याचे दोन दिवस धरा, रस्त्याचा एक दिवस धरा. उरलेली तारीख ही तुमच्या दारातून माल निघण्याची तारीख. माझा स्वतःचा नियम असा आहे की हवाई मालाला दहा दिवस आणि समुद्री मालाला एक महिना. माल लवकर पोचला तर ग्राहक खूश होतो. उशिरा पोचला तर कोणतेही कारण त्याच्या गल्ल्यात पैसे टाकत नाही. ईदचा माल असेल तर चाँद नेहमी २९ चाच धरावा. तिसावा रोजा मिळाला तर तो एक दिवस नफ्यात.

आणि माल बांधून झाल्यावर बिलावरची खोकी आणि पॅकिंग लिस्टवरची खोकी एकदा स्वतः मोजा. मुनीमजींनी मोजली असली तरी मोजा. मुंबई ते दुबई १,९३० किलोमीटरच आहे, ते कोणाला कमी करता येणार नाही. पण एका खोक्याच्या चुकीने ते अंतर दहा दिवसांचे होते, हे मी माझ्या पैशाने शिकलो आहे. आपण ते वाचूनच शिकावे.